बुडणारा माणूस ओरडत नाही

या स्तंभात नेहमी डॉक्टर मंडळी लिहितात. मधुमेह, दमा, मुलांच्या लसी, पावसाळ्यातले पोटाचे विकार यांवरचे त्यांचे लेख मीही कापून ठेवतो. मी डॉक्टर नाही. माझे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंत, आणि धंदा म्हणाल तर मुलांना शिडाची होडी चालवायला शिकवणे. १९७७ ते २०१८ अशी एक्केचाळीस वर्षे मी मुंबई बंदरातल्या एका सेलिंग स्कूलमध्ये काढली. एवढ्या काळात होडी उलटून पाण्यात पडलेली किती मुले वर काढली याची मोजदाद नाही. बहुतेक सगळी हसतच वर आली. एक मुलगा हसत आला नाही. आणि त्याच्याही आधी, माझ्या लहानपणी, एक मुलगा वर आलाच नाही. या दोघांविषयी आज लिहायचे आहे. पण त्यासाठी आधी थोडे होडीविषयी लिहावे लागेल. वाचकांनी तेवढी सवलत द्यावी.

आमचे घर जयगडच्या खाडीवर. शास्त्री नदी तिथे समुद्राला मिळते. आजोबा मचव्यावर तांडेल होते. कौले, तांदूळ, सुकी मासळी असा माल वाहायचा आणि वारा पडला की जिथे असू तिथे नांगर टाकून बसायचे, हा त्यांचा धंदा. पुढे इंजिने आली आणि शिडे उतरली. मला कळू लागले तेव्हा आजोबांचा मचवा गेलेला होता, पण एक लहान शिडाची होडी त्यांनी हट्टाने ठेवली होती. भाऊच्या धक्क्यावरून येणारी आगबोट खाडीच्या तोंडाशी उभी राहिली की उतारू आणायला पडाव जायचे. आम्ही पोरे आजोबांच्या होडीतून नुसतेच बघायला जायचो. घरातल्या बायकांना ते आवडत नसे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली रामदास बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली होती. आमच्या आजीच्या तोंडी ती गोष्ट कायम असायची.

१९६७ च्या मे महिन्यात माझा चुलतभाऊ खाडीत बुडाला. तो दहा वर्षांचा, मी नऊ. आम्ही सातआठ पोरे होतो. भरती लागली होती. तो आमच्यापासून वीस फुटांवर, गळ्याएवढ्या पाण्यात होता. मी त्याच्याकडे बघितले होते, हे मला पक्के आठवते. त्याचे तोंड वर होते आणि हात पाण्यावर थापटल्यासारखे हलत होते. मला वाटले, खेळतोय. मी पुन्हा आमच्या खेळात गुंतलो. परत बघितले तेव्हा तिथे कोणी नव्हते.

मोठ्या माणसांनी त्याला काढले तेव्हा फार उशीर झालेला होता की नव्हता, हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण पुढे काय झाले ते मी पाहिले. त्याला पाय धरून उलटे टांगले. मग कुंभाराच्या चाकावर पोटावर घालून फिरवले. तोंडातून पाणी आले की लोक म्हणत, ‘आले, आले, अजून येऊ दे.’ कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या तेच चालत आलेले होते. पण तेवढ्या वेळात त्याच्या छातीत एकही श्वास कोणी घातला नाही.

त्यानंतर घरात पाण्याचे नाव काढायची सोय नव्हती. दिवाळीनंतर एक दिवस आजोबांनी मला कोणाला न सांगता होडीवर नेले. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधला, कमरेला दोर बांधला आणि खाडीच्या मध्यावर पाण्यात सोडले. मी रडलो, ओरडलो, दोर धरून वर यायला बघितले. ते काही बोलले नाहीत. हळूहळू अंग सैल पडले आणि मी उताणा तरंगू लागलो, तेव्हा त्यांनी मला वर घेतले, अंग पुसले आणि सुकाणू हातात दिले.

ते सुकाणू मी अजून सोडलेले नाही. शिडात वारा भरला की होडी एका अंगाला कलते, फळ्यांखाली पाणी खळखळते आणि सुकाणूची दांडी हातात थरथरू लागते. इंजिनाच्या बोटीत हे सुख नाही. वारा दिसत नाही, पण पाण्यावर काळसर सुरकुती पळत आली की समजावे, आता झोत येणार. वाऱ्याच्या अगदी तोंडावर होडी जात नाही. साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन धरून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असे नागमोडी जावे लागते. हे गणित मला शाळेतल्या गणितापेक्षा लवकर आले.

मुंबईला आलो तो बोटमन म्हणून. होड्या धुवायच्या, शिडे वाळवायची, दोर गुंडाळायचे. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तेव्हा आम्ही बोटमन लोक धक्क्यावर नाचलो होतो. पुढे शाळेने मला मुलांना शिकवायला घेतले.

मुलांच्या होडीला ऑप्टिमिस्ट म्हणतात. लांबी जेमतेम अडीच हात… नव्हे, अडीच मीटरही नाही, वजन सुमारे ३५ किलो, एकच शीड, एकच मूल. पंधरा वर्षांपर्यंतची मुले ती चालवतात. पालक विचारत, याने उंची वाढते का, एकाग्रता वाढते का, परीक्षेत मार्क वाढतात का? मी म्हणे, ते मला माहीत नाही. भूक वाढते, झोप गाढ लागते, आणि होडी उलटल्यावर रडून उपयोग नसतो हे समजते. आमच्याकडे पहिला धडा होडी चालवायचा नव्हताच. पहिला धडा होडी उलटवायचा. उलटी झालेली होडी सोडायची नाही, तिला धरून राहायचे; मग पोटाखालच्या फळीवर उभे राहून, अंगाचा भार टाकून ती सुलटी करायची. हे दहा वेळा झाल्याशिवाय शीड हातात मिळत नसे. दुसरा धडा जॅकेटचा. आणि माझा स्वतःचा धडा एकच : दर दोन मिनिटांनी डोकी मोजायची.

फेब्रुवारीतली ती दुपार

१९९६ सालचा फेब्रुवारी. मुंबईच्या समुद्रावर त्या दिवसांत दुपारी वायव्येचा छान वारा सुटतो. नऊ होड्या, नऊ मुले, आणि मी व एक मदतनीस इंजिनाच्या बोटीत. एक मोठी लाँच जवळून गेली, तिच्या लाटांनी दोन होड्या उलटल्या. त्यांतल्या एका होडीचा दोर दुसरीत अडकला होता. तो सोडवण्यात माझी चारपाच मिनिटे गेली. मान वर करून डोकी मोजली. आठ.

पुन्हा मोजली. आठच.

एक ऑप्टिमिस्ट आडवी पडून ओहोटीबरोबर बाहेर चालली होती आणि तिच्यापासून बऱ्याच अंतरावर नारिंगी जॅकेट तरंगत होते. जॅकेटच्या अलीकडे, पाण्याच्या पातळीखाली हातभर, मला केस दिसले.

मुलगा अकरा वर्षांचा, अंगाने किडकिडीत. त्याला मोठ्या मापाचे जॅकेट मिळाले होते आणि उकडते म्हणून त्याने बकल सैल केले होते. पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकले, हनुवटीपर्यंत आले आणि डोक्यावरून निघून गेले. धक्का सोडण्यापूर्वी प्रत्येकाचे बकल ओढून पाहायचे काम माझे होते. त्या दिवशी उशीर झाला होता, म्हणून मी नुसते लांबून विचारले, ‘सगळ्यांनी लावले ना?’ सगळे ‘हो’ म्हणाले. ही चूक माझी आहे, आणि एवढ्या वर्षांत ती मी कोणावर ढकलली नाही.

त्याला बोटीत ओढले तेव्हा ओठ निळे होते, श्वास नव्हता. गळ्याला बोटे लावली तर ठोका लागत होता. नौदलातून निवृत्त झालेल्या एका शिक्षकाने आम्हाला तोंडाने श्वास द्यायला शिकवले होते. तेव्हा आम्ही बाहुलीवर ते करताना हसायचो. मी त्याचे डोके मागे केले, हनुवटी उचलली, नाक चिमटीत धरले आणि त्याच्या तोंडात फुंकले. छाती वर आली. पुन्हा फुंकले. कितव्या श्वासाला ते आठवत नाही, पण तो खोकला आणि उलटी झाली. त्याला कुशीवर केले. मग तो रडायला लागला. त्या रडण्याइतका गोड आवाज मी ऐकलेला नाही.

धक्क्यावर आलो तर त्याचे वडील म्हणाले, आता ठीक दिसतोय, घरी नेतो, आई घाबरेल. तिथे एका मुलीचे वडील डॉक्टर होते. त्यांनी ऐकले नाही. स्वतःच्या गाडीत घालून रुग्णालयात नेले. रात्री मुलाचा श्वास जलद होऊ लागला, प्राणवायू लावावा लागला. घरी नेले असते तर? डॉक्टर मला म्हणाले, ‘पाणी फुप्फुसात थोडे जरी गेले तरी आतले अस्तर बिघडते. त्याचा त्रास काही तासांनी दिसतो.’ चौथ्या दिवशी मुलगा घरी गेला. पुढच्या मोसमात तो परत आला, त्याच्या वडिलांनीच आणून सोडला.

त्याच्या अगदी जवळ, तीसेक फुटांवर, एक मुलगी आपली होडी चालवत होती. तिने त्याला पाहिले होते. मी विचारले, हाक का मारली नाहीस? ती म्हणाली, ‘काका, तो वर बघत होता. मला वाटले, घार बघतोय.’

मला एकदम १९६७ ची खाडी दिसली.

डोळ्यांनी ओळखायचे, कानांनी नव्हे

सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, ‘वाचवा’ म्हणून ओरडतो. असे करू शकणाऱ्याला अजून थोडा वेळ तरी आहे. खरोखर बुडणाऱ्याला ओरडता येत नाही, कारण तोंड पाण्याबाहेर येते तेवढ्या क्षणात त्याला श्वास घ्यायचा असतो. हाकेसाठी श्वास उरतच नाही. त्याला हात वर करून हलवताही येत नाही. हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरतात आणि पाणी खाली दाबत राहतात. शरीर उभे असते, पाय मारत नाहीत, डोके मागे कललेले, तोंड पाण्याच्या पातळीशी, केस कपाळावर. शिडीवर चढायचा प्रयत्न चालला आहे असे वाटते. हे वीस सेकंद ते फार तर एक मिनिट चालते. नंतर माणूस खाली जातो. मुले पाण्यात दंगा करत असतील तोवर ठीक. एखादे गप्प झाले की तिकडे बघा. विचारा, ‘बरा आहेस ना?’ उत्तर आले नाही तर वेळ घालवू नका.

वाचवायला लगेच उडी मारू नका, हे सांगताना मला नेहमी लोकांची नाराजी दिसते. पण एकाला वाचवताना दुसरा, दुसऱ्याला वाचवताना तिसरा, अशा एकाच घरातल्या बातम्या याच वृत्तपत्रात आपण वाचतो. बुडणारा माणूस हाताला लागेल त्यावर चढतो. म्हणून आधी काही तरी पुढे करा : बांबू, वल्हे, दोर, गाठ मारलेले लुगडे. नाही तर तरंगणारे काही फेका. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन एका माणसाला वर धरून ठेवायला पुरतो. विहिरीवर, तळ्यावर, विसर्जनाच्या घाटावर असा एक कॅन आणि दोर टांगून ठेवायला किती खर्च येतो?

माणूस बाहेर काढला की पाणी काढण्याच्या मागे लागू नका. उलटे टांगणे, पोट दाबणे, चाकावर फिरवणे, यांनी फक्त वेळ जातो आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत जाते. अलीकडे मोबाइलवर संदेश फिरतो की बुडालेल्याला मिठाच्या ढिगात पुरून ठेवले की तो जिवंत होतो. हे धादांत खोटे आहे. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत त्याची हानी सुरू होते. या चार मिनिटांत जे करायचे ते काठावरच्या माणसानेच करायचे असते.

श्वास नसेल, किंवा नुसती अधूनमधून उचकी दिल्यासारखी धाप लागत असेल, तर एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने आधी दोन ते पाच श्वास द्यावेत, प्रत्येक साधारण एक सेकंदाचा, छाती वर येईल एवढा. तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मध्यावर तळहाताने तीस वेळा जोरात दाबावे, मग दोन श्वास, पुन्हा तीस. वेग मिनिटाला १०० ते १२०. मोठ्या माणसाची छाती दोन इंच खाली गेली पाहिजे, मुलाची छातीच्या जाडीच्या एकतृतीयांश. हृदयविकाराच्या झटक्यात छाती दाबण्यापासून सुरुवात करतात. बुडालेल्याला आधी श्वास, कारण त्याचे हृदय हवेवाचून थांबत आलेले असते. तोंडाशी फेस येतो, तो पुसत बसू नये. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करावे आणि पुन्हा चालू करावे. रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा श्वास सुरू होईपर्यंत थांबू नये. वाचून हे हातात बसत नाही. रेड क्रॉस, सेंट जॉन ॲम्ब्युलन्स अशा संस्था शिकवतात. एखादे गणेश मंडळ एक दिवस त्यासाठी देऊ शकेल.

आणि शुद्धीवर आलेल्या माणसाला चहा पाजून घरी पाठवू नका. ज्याला श्वास द्यावा लागला त्याला रुग्णालयात न्यायचेच. ज्याला द्यावा लागला नाही पण खोकला थांबत नाही, श्वास जलद आहे, गुंगी वाटते, त्यालाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात तीन लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांतली जवळजवळ एकचतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. एवढी लहान मुले समुद्रावर जात नाहीत. ती घराजवळच्या विहिरीत, डबक्यात, पाण्याच्या टाकीत जातात. गुडघाभर पाणीही त्यांना पुरते.

जॅकेटविषयी थोडे. होडीत जॅकेट ठेवलेले असणे म्हणजे काहीच नाही. अंगावर असले पाहिजे. माप वजनावरून घ्यावे. सगळी बकले लावून मुलाला हात वर करायला सांगा आणि खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढा. जॅकेट कानापर्यंत आले तर ते सैल आहे. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा असावा.

समुद्राने मलाही फुकट काही दिले नाही. पाण्यावरून परतणारे ऊन आणि खारा वारा यांनी पन्नाशीत माझ्या उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने बुबुळावर मांस चढू लागले. नेत्रतज्ज्ञ त्याला टेरिजियम म्हणतात. आमच्या किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्यांत ते पुष्कळांना असते. मी दोन वर्षे दुकानातून लाली जाण्याचे थेंब आणून घालत राहिलो. त्यात स्टेरॉइड होते आणि त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो, हे नंतर कळले. शस्त्रक्रिया झाली, पुन्हा थोडे वाढले, पुन्हा काढले. रुंद कडेची टोपी आणि चांगला काळा चष्मा विसाव्या वर्षी वापरला असता तर बरे झाले असते. पण तेव्हा चष्मा लावून होडी चालवणाऱ्याला आम्ही ‘साहेब’ म्हणून चिडवायचो.

निवृत्तीनंतर मी गावी परतलो. जुनी ऑप्टिमिस्ट होडी स्वस्तात मिळाली, ती दुरुस्त केली. नारळी पौर्णिमा झाली आणि पाऊस ओसरला की दर रविवारी वाडीतल्या सहा मुलांना खाडीत शिकवतो. बकले मी स्वतः ओढून पाहतो, एकेक.

माझी काकू, त्या चुलतभावाची आई, आता नव्वदीकडे झुकली आहे. सुरुवातीला तिने माझ्याशी बोलणे टाकले होते. हल्ली रविवारी नातसून तिला खुर्ची टाकून देते, ती बंदरावर येऊन बसते. आम्ही परत आलो की मला विचारते, ‘किती गेलती रे?’

मी म्हणतो, ‘सहा, काकू.’

ती माझ्यावर विश्वास ठेवत नाही. काठी टेकून उठते आणि एकेकाच्या डोक्याला हात लावून स्वतः मोजते.